अकरापर्यंत रडायचं नाही

"अकरापर्यंत कुणी रडायचं नाही," दादा म्हणाला.

आबांचा हात अजून कोमट होता. मी तो सोडला नव्हता. बाहेर दूधवाल्याची सायकल वाजत होती, समोरच्यांच्या घरात रेडिओ लागला होता, आणि माझा सख्खा भाऊ संपत बापाच्या उशाशी उभा राहून आम्हाला रडायची वेळ सांगत होता.

"काय म्हणालास?" मी विचारलं.

"अकराला पाहुण्यांच्या हातनं मैदानात कुदळ पडणार. ती पडली की मोकळे. आत्ता तू हेल काढलास तर गल्ली गोळा होईल, गल्लीमागनं पेठ. भूमिपूजनाला मग कोण येणार, कुत्री?"

"दादा, आबा गेलेत."

"मला काय दिसत न्हाई व्हय? माझाबी बाप हाय की. पण दोन वर्षं झिजलोय मी ह्या कामासाठी. आणि आबास्नीच हवं होतं ना नवं मैदान? पाच तासांनी काय फरक पडतोय त्यांना?"

त्याचा आवाज मध्येच चिरकला, खोटं बोलणार नाही. पण डोळे पुसून त्यानं पहिलं काय केलं असेल, तर गल्लीकडची खिडकी लावून घेतली.

आई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तिनं तोंड उघडलं होतं, आवाज यायचाच होता. दादा तिच्यापुढं उकिडवा बसला, हात जोडले आणि म्हणाला, "आई, तुझ्या पाया पडतो. अकरापर्यंत." आईनं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला.

हे सोळा वर्षांपूर्वीचं. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते आणि आबांचा सत्कार बघायला म्हणून आदल्या दिवशी इचलकरंजीहून माहेरी आले होते. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणतात ते मला त्या सकाळी कळलं, आणि खरं सांगायचं तर ती आग अजून खाली उतरलेली नाही.

आमचे आबा, म्हणजे पांडबा इंगवले, कुंभारतळं तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर. पोटापाण्याला फौंड्रीत जात, पण कोल्हापुरात तुम्ही फौंड्रीतले पांडबा म्हणून विचारलं असतं तर कुणी घर दाखवलं नसतं. गोलातला पांडबा म्हटलं की पोरं दारापर्यंत आणून सोडत.

आणि ते मैदान. आता तिथं हिरवी प्लास्टिकची हिरवळ आणि निळ्या खुर्च्या आहेत, तेव्हा नुसती लाल माती. जुनं तळं बुजवून केलेलं, त्यामुळं पावसाळ्यात गोलापुढं घोटाभर चिखल आणि उन्हाळ्यात चकमकीसारखी खडी. आबांचे गुडघे कधी धड बघितले नाहीत मी. पश्चिमेच्या दगडी पायऱ्या आमच्या पेठेच्या, पूर्वेच्या सातविहीर पेठेच्या. आमच्या माणसानं चुकून तिकडं पाय ठेवला तर तो धड परत येत नसे. बायकांना बसायला जागाच नव्हती. आम्ही पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर उभ्या राहून बघायचो, कडेवर पोर, हातात चिरमुऱ्याचा पुडा, आणि तोंडात अशा शिव्या की खालच्या पुरुषांनी वर बघावं. फायनलला हटकून मारामारी व्हायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीची माणसं सांडलेल्या चपला गोळा करून गोलात ढीग घालायची आणि दोन्ही पेठांची माणसं मान खाली घालून आपापली जोडी हुडकायची. काल डोकी फोडलेले लोक आज एकमेकांना "ही तुझी काय रं?" म्हणून चप्पल दाखवायचे.

त्या मैदानाची एक रीत होती. खेळाडू गेला की तिरडी स्मशानात जायच्या आधी मैदानात यायची. त्यात गोलकीपर असेल तर त्याला गोलात ठेवायचं आणि विरुद्ध पेठेतल्या कुणीतरी, शक्यतो त्याच्या बरोबरीच्या माणसानं, एक बॉल हळूच मारायचा. बॉल अंगाला लागला की सगळ्यांनी ओरडायचं, "आडिवला". मगच तिरडी पुढं. एवढ्यासाठी बायकासुद्धा मैदानापर्यंत यायच्या. माझ्या लहानपणी मी दोन गोलकीपर असे जाताना बघितले होते. आबा दर वेळी घरी येऊन म्हणायचे, "मला हंबीरनंच मारायचा. दुसऱ्या कुणाचा मी आडवणार न्हाई."

मी दादाला तेच विचारलं. "गोलात कधी न्यायचं?"

तो वहिनीला शर्टाला इस्त्री करायला सांगत होता. मागं न वळता म्हणाला, "गोलात स्टेज हाय."

"म्हणजे?"

"टाकीकडच्या गोलात स्टेज घातलाय. त्या खांबांना कापड गुंडाळून कमान केलीया. कार्यक्रम झाला की लगेच जेसीबी लागणार, पाहुण्यांच्या समोर. फोटो हवेत त्यांना. आबास्नी आपण थेट न्यायचं, पंचगंगेवर."

"रीत?"

"मालन, कुठल्या काळातलं बोलालायस तू? भूमिपूजनाच्या जागेवर मढं नेऊन ठेवायचं? अपशकुन म्हणतील. नगरसेवकाचं तिकीट सोड, दारात उभं करणार न्हाईत मला."

बापाला मढं म्हणाला तो. आबांचा हात मी तेव्हा खाली ठेवला. ठेवला नसता तर त्याच हातानं दादाच्या थोबाडीत बसली असती.

नऊच्या सुमाराला हंबीरकाका आले. हंबीर खराडे, सातविहीर तालमीचे सेंटर फॉरवर्ड. सतरा वर्षं ते आणि आबा समोरासमोर खेळले, आणि त्यानंतरची तीस वर्षं कुणी किती गोल घातले नि कुणी किती अडवले यावर भांडले. त्या दिवशी दोघांचाही सत्कार होता. काका कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, गुलाबी फेटा बांधून आबांना न्यायला आले होते. दादा दारातच आडवा आला.

"आबा झोपलेत, काका. बीपी वाढलंय जरा. तुम्ही व्हा पुढं."

"पांडबा? नऊ वाजता झोपलाय?"

"डॉक्टरनी गोळी दिलीय."

दादा बोलला तसं खरं वाटावं असंच बोलला. तेवढं कसब त्याच्यात आहे. पण काका हलेनात. दादाला वळसा घालून ते खिडकीपाशी आले आणि बंद फळीवर काठीनं ठोकलं.

"ए पांड्या," काका म्हणाले. "भ्यालास व्हय? स्टेजवर माझ्या शेजारी बसायला लाज वाटालीया? अठ्ठ्याहत्तरच्या फायनलचं सांगीन म्हणून?"

फळीच्या आतल्या बाजूला, हातभर अंतरावर, आबा पडले होते. नाकात कापूस होता. आई त्यांच्या पायावर हात ठेवून बसली होती.

"आरं बोल की. जीभ झडली का तुझी?"

अशा वेळी आबांनी काय उत्तर दिलं असतं ते मला पाठ होतं, आईलाही होतं. तिचे खांदे हलायला लागले. नाकातनं श्वास येईना तशी ती मागं-पुढं डुलायला लागली, पण पदर काढला नाही. डोळे एवढे मोठे झाले होते की मला वाटलं ही पण जाते आता. मी तिच्या तोंडातला बोळा ओढायला गेले तर तिनं माझा हात धरला, आणि तिच्या बोटांत एवढा जोर असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"बरं, झोप बाबा," काका बाहेरून म्हणाले. आवाज उतरला होता. "मी जागा धरून ठेवतो."

त्यांची काठी गल्लीतून लांब गेली. दादा आत आला, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "सुटलो."

मी उठले. साडी बदलली नाही, केस विंचरले नाहीत.

"कुठं निघालीस?"

"मैदानावर जातो."

कोल्हापूरच्या आम्ही बायका पुरुषांसारखं येतो-जातो असंच म्हणतो, पण सासरी राहून माझी ती सवय गेली होती. त्या दिवशी ती परत आली. दादानं दंड धरला. "मालन, काही बोलशील तिथं तर याद राख."

"मी कशाला बोलू? तूच बोलणार हायस की. ऐकायला नको?"

मैदानावर माणूस मावत नव्हता. दोन्ही पेठा पायऱ्यांवर, मध्ये खुर्च्या, पुढं बायकांसाठी सतरंजी. जन्मात पहिल्यांदा त्या मैदानात बायकांना खाली बसायला जागा मिळाली होती, तीही मैदान उकरायच्या दिवशी. टाकीकडच्या गोलाचे लोखंडी खांब झेंडूच्या माळांनी मढवले होते. ज्या जागेवर आबा पाय घासून रेघ मारून उभे राहायचे, बरोबर तिथं रिकाम्या पिंपांवर फळ्या टाकून स्टेज केला होता. बाजूला पिवळा जेसीबी तयार, त्याच्याही दातांना हार.

पाहुण्यांना उशीर झाला होता. तोवर वेळ काढायला निवेदकानं जुन्या खेळाडूंना दोन-दोन मिनिटं माईक दिला. "आपल्या लाडक्या मैदानाच्या आठवणी," तो सारखा म्हणत होता. एकानं चपलांचा ढीग सांगितला, लोक हसले. एकानं चिखलातली मॅच सांगितली. मला हसू येत नव्हतं आणि त्यांचा रागही येत नव्हता. बिचाऱ्यांना काय माहीत होतं? मी शेजारच्या बाईच्या घड्याळात बघितलं. अकरा वाजून गेले होते.

मग निवेदक म्हणाला, "आणि आता सत्काराचे पहिले मानकरी, गोलातला वाघ, पांडबा इंगवले."

पश्चिमेच्या पायऱ्यांवरून हलगी वाजली. दादा स्टेजवर चढला. हंबीरकाका दुसऱ्या खुर्चीवर होते, शेजारची खुर्ची त्यांनी काठी आडवी ठेवून राखली होती. कुणीतरी दादाच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. दादानं माईक घेतला.

"आबांची तब्येत आज जरा नरम हाय. पण सकाळीच त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, संपत, माझी शाल तू घे. म्हणाले, मैदान नवं होऊ दे, मी घरनं टाळ्या ऐकतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन्ही पेठांनी.

सकाळी त्यांनी दादाला जवळ बोलावलं होतं म्हणे. पहाटे आबांच्या घशातून शेवटचा शब्द निघाला तो "पाणी". ते मी पाजलं. दादा तेव्हा मोबाइलवर मंडपवाल्याशी बोलत होता.

मी उभी राहिले आणि हेल काढला.

आमच्याकडं बाई हेल काढून रडते म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. ते नुसतं रडणं नसतं. "आबा वोऽऽ, आमास्नी टाकून कुठं गेलासा वोऽऽ," हा आवाज गल्लीत उठला की कोण गेलं हे विचारायची गरज नसते, माणूस हातातला घास खाली ठेवून पायात चपला घालतो. मला हेल येत नाही असं मला वाटायचं. आमच्या पिढीला लाज वाटायची त्याची. पण तो पोटातून आला, आईचाही माझ्याच तोंडून आला, आणि माईकची गरज पडली नाही.

टाळ्या थांबल्या. पुरुषांनी टोप्या काढल्या. स्टेजवरचे सगळे उभे राहिले, निवेदकसुद्धा. दादा माईकवर म्हणाला, "एक मिनिट, बसून घ्या, बहिणीची तब्येत..." तेवढ्यात कुणीतरी वायर ओढली.

हंबीरकाका स्टेजवरून उतरले. त्यांना कुणी हात दिला नाही, एवढे सगळे गारठले होते. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"पहाटे."

काकांनी दोन्ही हातांनी डोक्यावरचा फेटा उतरवला. मग दादाकडं वळून, अगदी सावकाश, कुणाला तरी हिशोब समजावून सांगावा तसे म्हणाले, "म्हणजे तो आत मरून पडलाय, आणि मी खिडकीत उभा राहून त्याला शिव्या घालत हुतो. आणि तू ऐकत हुतास."

दादाच्या अंगावर ती शाल अजून होती.

पुढचं कुणी ठरवलं नाही. पश्चिमेची माणसं घराकडं गेली, आबांना घेऊन आली. पूर्वेच्या माणसांनी तोवर स्टेजच्या फळ्या उचकटल्या, पिंपं गडगडत बाजूला लावली, खांबांवरच्या माळा तोडल्या. पाहुण्यांची गाडी कोपऱ्यावर आली, गर्दी बघून तिथूनच वळली. जेसीबीवाला खाली उतरून हात जोडून उभा होता.

तिरडी गोलात ठेवली. काकांनी वहाणा काढल्या. सत्तरीतला माणूस, एक गुडघा आखडलेला. कुणीतरी तालमीतून बॉल आणला. काकांनी तो जमिनीवर ठेवला आणि ते मागं दोन पावलं सरले. मग पायाच्या आतल्या बाजूनं हळूच ढकलला. बॉल खडीवरून उड्या मारत गेला आणि आबांच्या खांद्याला लागून थांबला.

"आडिवला," दोन्ही पेठा म्हणाल्या.

मी आईकडं बघितलं. ती खांबाला धरून उभी होती. आता तिला कुणाची बंदी नव्हती. तिनं तोंडातला पदर काढला, त्याला दातांनी भोक पडलं होतं. बायका तिच्याभोवती कोंडाळं करून वाट बघत होत्या. आईनं तोंड उघडलं, आणि काही आलं नाही. एकदा, दोनदा. तिनं बायकांकडं असं बघितलं की जणू त्यांनीच काहीतरी घेतलंय. मग तोंड मिटलं. दहाव्याला रडली नाही, तेराव्याला नाही, वर्षश्राद्धाला नाही. मी माहेरी आले की तिच्या तोंडाकडं बघायची आणि दादाशी न बोलता परत जायची.

दादा त्या वर्षीच्या निवडणुकीत पडला. पुढच्या वेळी निवडून आला. लोक विसरतात म्हणून राग नाही, लोक विसरायचेच. माझा राग वेगळा आहे.

गेल्या वर्षी आई आजारी होती म्हणून मी आठवडाभर माहेरी राहिले. एक दिवस तालमीचा एक माणूस रेकॉर्डिंगला मोबाइल घेऊन आला. नव्या मैदानाला दहा वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढत होते, जुन्या मैदानाच्या आठवणी गोळा चालल्या होत्या. चांगला माणूस, बोलायला नम्र.

"काकू," तो आईला म्हणाला, "सगळे एकच आठवण सांगतात बघा. भूमिपूजनाच्या दिवशी आबांनी स्टेजवर शाल घेतली, मैदानाला नमस्कार केला आणि तिथंच जीव सोडला. चाळीस जणांनी सांगितलं. सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. संपतरावांच्या भाषणात तर नेहमी असतं."

मी आईकडं बघितलं. खंगलेली, खाटेवर उशीला टेकून बसलेली. ती म्हणाली, "व्हय. शाल घेतली आणि गेले. काय त्रास न्हाई झाला."

"आई," मी म्हटलं.

"असू दे गं. तसंच लिहू दे त्यांना."

"असं कसं असू दे?"

"तसं म्हटलं की बरं वाटतं मला," ती म्हणाली. "ती सकाळ काढावी लागत न्हाई परत."

तो माणूस मोबाइल हातात धरून एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होता. मी गप्प बसावं हे त्याच्याही चेहऱ्यावर दिसत होतं. आईसाठी गप्प बसावं. दादानं पाच तास मागितले होते आणि ही त्याला आख्खा जन्म द्यायला निघाली होती. मला तिचीही कीव आली नाही, हे स्पष्ट सांगते. रागच आला. तिचाच आला.

"लिहून घ्या," मी म्हटलं. "पांडबा इंगवले घरात गेले. ह्याच खोलीत. पहाटे. खिडकी लावून घेतली होती, आणि त्यांच्या बायकोला रडू दिलं नाही. ती पदर चावत बसली होती. मी शेजारी होते. मी तिच्या तोंडातनं तो काढला नाही."

आई माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं शिवी देणार. तिनं पदर हातात घेतला, तोंडापर्यंत नेला. मी उठून तिचा हात धरला. ह्या वेळी सोडला नाही. तिच्या बोटांत आता तो जोरही नव्हता.

आणि मग ते आलं. आधी घशात काहीतरी अडकल्यासारखं, मग उंच, लांब, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं. "अवोऽऽ, मला टाकून कुठं गेलासा वोऽऽ." त्या माणसानं मोबाइल बंद केला आणि डोक्यावरची टोपी काढली. समोरच्या घरांची दारं उघडल्याचं ऐकू आलं. पायात चपला घालून बायका निघाल्या होत्या.

दादा वरच्या मजल्यावर झोपला होता. तो बनियनवरच जिना धडाधड उतरत आला, दारात थबकला, आईकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"आबा," मी म्हटलं.